सहा डिसेंबरची खिडकी

आखातात, जुफैरला राहत असताना संध्याकाळी फिरायला जायचं खूळ माझं. हे मआमीरजवळच्या कारखान्यातून दमून यायचे, पण चहा झाला की मुकाट्याने चपला घालायचे. डिसेंबरात तिथली हवा इतकी छान असते, की घरात बसणं पाप वाटावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका संध्याकाळी एका इमारतीच्या खालच्याच मजल्यावर, खिडकीत मेणबत्त्यांचं रुंद स्टँड दिसलं. खोबणी पुष्कळ, पेटलेल्या मात्र दोनच. दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी चार. मी थांबलेच.

"असन कोणाचं काही. चाल," हे म्हणाले.

दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये हे यांचं तत्त्व, आणि आपल्या खिडकीत कोणी डोकावू नये हे त्याहून मोठं. आम्ही अकोल्याकडचे बौद्ध. आडनावावरून कुणाला पत्ता लागत नसे आणि यांना तो लागू द्यायचा नव्हता. आमच्या वरच्या मजल्यावर यांचेच साहेब राहत, पुण्याचे. जेवायला बोलवत, आग्रह करकरून वाढत आणि मग विचारत, "तुमचं कुलदैवत कुठलं हो?" हे गावाच्या गप्पा काढून वेळ मारून नेत. त्यामुळे सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, आमच्या घरी तसबीर आणि मेणबत्ती बेडरूममध्ये, पडदे ओढून. जणू चोरीच करतोय. माझा जीव जळायचा.

तेवढ्यात त्या घरातली गोरी बाई कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे तिथल्या वाण्याच्या दुकानातून, पाव घेऊन परतली. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारलंच. ती म्हणाली, आम्ही ज्यू. हा आमचा हनुका, आठ दिवसांचा. रोज एक मेणबत्ती वाढवायची, एक पेटवणीची वेगळी. आणि ठेवायचं खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. तीच तर रीत.

"इथे भीती नाही वाटत?"

"वाटते ना. नवरा रोज म्हणतो, आत ठेव," ती हसली. सगळे नवरे एका माळेचे मणी!

सहा डिसेंबर दुसऱ्याच दिवशी होता. परतताना मी सांगून टाकलं, "उद्या तसबीर हॉलात. खिडकीपाशी."

"अन् साहेबानं पाह्यलं तं? ऑफिसात तोंड मले दाखवा लागते."

"मंग दाखवा ना. चांगलं आहे तोंड."

हे हसले नाहीत. रात्री जेवलेही अर्धपोटी.

दुसऱ्या संध्याकाळी मी खिडकीपाशी टेबल लावलं, तसबीर ठेवली, हार घातला. मेणबत्ती पेटवली. हे आले, पाहिलं, आणि आल्या पावली खाली निघून गेले. मी खुर्चीत टेकले. आता हे कधी येतात, आल्यावर काय बोलतात, काही कळेना.

इतक्यात खालून हाक आली.

"जराशी डावीकडं सरकव वं! रस्त्यावरून दिसून नाही राह्यली!"

मी धावत खिडकीशी गेले. हे फुटपाथवर मान वर करून उभे. मी तसबीर सरकवतेय तोच साहेबांची गाडी यांच्याशेजारी थांबली, काच खाली झाली.

"काय हो, आज काय विशेष?"

यांनी एकदा वर माझ्याकडे पाहिलं.

"आज सहा डिसेंबर आहे, साहेब," हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "वहिनींना घेऊन या चहाला."

येतील की नाही, कोण जाणे. मी चौघांचं आधण ठेवलं.