येवऱ्याला जाऊन आलेले आमचे सासरे

आमच्या सासऱ्यांसारखा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही, आणि पोर्तुगालात तर कोल्हापूरचा म्हणून तेवढा एकच माणूस जाऊन आला, असं निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. या म्हणण्याच्या पहिल्या भागाविषयी गावात दुमत नव्हतं. दुसऱ्या भागावर मात्र आमच्या पेठेत कुणाचाही विश्वास नव्हता, आणि अविश्वास दाखवणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या सासूबाईंचा होता. मी शाळामास्तर. लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे, फक्त मुलीच्या वडिलांनी येवऱ्याचा विषय काढला तर हो म्हणायचं आणि पानसुपारीचं तबक पुढे करायचं. मी तबक पुढे करत गेलो. पण हळूहळू मला त्या येवऱ्याची गोडी लागली, हे कबूल केलं पाहिजे.

महाराज गादीवर येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि सासरे दरबारच्या पागेत घोड्यांकडे होते. पणजीच्या एका फिरंगी अंमलदारानं कोल्हापुरातून एक काठेवाडी घोडी विकत नेली. घोडी देखणी होती, पण सासऱ्यांनी तिला पोटच्या पोरीसारखी लाडावून ठेवलेली. चंदी खायची ती यांच्याच हातून. दुसऱ्या कुणी तोबरा पुढे केला की मान फिरवून भिंतीकडे बघत उभी राहायची. चार दिवसांसाठी म्हणून सासरे तिच्याबरोबर पणजीला गेले. तेवढ्यात त्या अंमलदाराला मायदेशी परत बोलावणं आलं. साहेबाचा घोडीवर जीव, घोडीचा सासऱ्यांवर जीव, म्हणून तिघंही मुरगावच्या बंदरातून आगबोटीत चढले आणि साहेबाच्या गावी जाऊन पोचले. ते गाव म्हणजे एव्होरा. आमच्या शाळेच्या नकाशात ते लिस्बनच्या पूर्वेला, समुद्रापासून चांगलंच आत, बारीक अक्षरांत होतं. सासरे त्याला येवरा म्हणत, आणि शेजारच्या खेड्याला गडमुडशिंगी म्हणावं इतक्या सहजपणे म्हणत. तिथे त्यांनी एक अख्खा उन्हाळा काढला. घोडी साहेबाच्या हातून खायला लागली तेव्हा हे रडत परतले. पुरावा म्हणून त्यांनी तिकडच्या एका झाडाची हातभर जाडजूड साल आणली होती. बाटल्यांची बुचं ज्या सालीची करतात तीच ही. पण ते गावाला भेटायला बाहेर पडले असताना सासूबाईंनी ती चुलीत घातली. वर, कसलं मेलं लाकूड, धड जळतसुद्धा नव्हतं, अशी तक्रारही केली.

पुरावा असा जळून गेल्यावर सासऱ्यांजवळ उरलं फक्त तोंड, आणि ते त्यांनी कधी थकू दिलं नाही. पेठेतल्या हौदाला पाणी आलं नाही की बायका घागरी घेऊन कुरकुरत, आणि हे तिथे जाऊन सांगत की येवऱ्यात पाणी कोसांवरून उंच कमानींवरून गावात येतं आणि त्या कमानींच्या पोटात माणसं घरं बांधून राहतात. देवळात आरतीला गेले की बाहेर पडताना सांगत, येवऱ्यात एक जुनं देऊळ आहे, त्याचे दगडी खांब तेवढे उभे आहेत, छप्पर नाही आणि देवही नाही, पण खांबांचा रुबाब असा की हात आपोआप जोडले जातात. दुपारी जेवण झालं की दार लावून घेत आणि चार वाजेपर्यंत कुणालाही भेटत नसत, कारण येवऱ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंदेखील दिसत नाही. सासूबाई म्हणत, जायच्या आधीही हे दुपारचे झोपायचेच, तेव्हा नुसते झोपायचे, आता येवऱ्याच्या नावानं झोपतात. आणि आठवड्यातून एकदा ते स्वतः स्वयंपाकघरात शिरत. लसूण, कोथिंबीर आणि मीठ पाट्यावर वाटायचं, त्यावर गोडं तेल ओतायचं, शिळी भाकरी कुस्करून घालायची, वरून कढत पाणी, आणि अंगणातल्या कोंबडीनं अंडं दिलेलं असलं तर तेही. हे येवऱ्याचं जेवण. सासूबाई ते ताट लांबूनच बघत आणि शिळ्या भाकरीचा काला करायला सात समुद्र ओलांडायची काय गरज होती, असं आम्हाला विचारत. तांबड्या रश्शावर वाढलेल्या माणसांना ते पांचट लागायचं, पण सासरे पहिला घास घेतला की गप्प बसत. एरवी ते कधीच गप्प बसत नसत, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं.

लोकांना सगळ्यात अशक्य वाटे ते तिथल्या एका देवळाचं वर्णन. त्याच्या भिंती माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी सारवल्यासारख्या भरलेल्या आहेत, असं सासरे सांगत. ते ऐकून तालमीतली माणसं एकमेकांना कोपर मारत. पण सासऱ्यांच्या मनातली खरी गोष्ट निराळीच होती. पहिल्याच आठवड्यात ते फिरत फिरत तिथल्या मोठ्या देवळात शिरले. बघतात तर आत सगळी पुरुषमाणसं बोडक्या डोक्यानं बसलेली, बायकांनी काळी वस्त्रं पांघरलेली, मेणबत्त्या जळताहेत आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. आपल्याकडे बोडकं डोकं दिसलं की काय समजायचं ते कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. गावातलं कुणीतरी मोठं गेलं, असं समजून यांनी फेटा काढून मांडीवर घेतला आणि दुखवट्याला बसावं तसे मान खाली घालून एका कोपऱ्यात बसले. सगळे उठले तेव्हा हेही उठले, आणि शेजारच्या काळ्या कपड्यातल्या म्हातारीजवळ जाऊन शुद्ध कोल्हापुरीत म्हणाले, "घडलं ते घडलं, मावशी. आता धीर धराय पायजे." म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात धरून ती हमसून हमसून रडायला लागली.

एवढ्यावर थांबले तर ते आमचे सासरे कसले. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, भावकीनं आणि शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं. म्हातारीची भावकी दिसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी साहेबाच्या तबेल्यामागे तीन दगड मांडून यांनी गव्हाच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या, बरोबर नेलेल्या डाळीच्या पिठाचं पिठलं केलं, घरच्या चटणीची पुडी सोडली आणि हे सगळं फडक्यात बांधून तिच्या दारात जाऊन उभे राहिले. ती जेवली. चटणीनं तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "तिखटानं म्हना न्हायतर दुक्कानं म्हना, पर बाई मोकळी झाली," असं सासरे सांगत. मग साहेबानं उलगडा केला की त्या दिवशी कुणीच मेलं नव्हतं, ती त्यांची नेहमीची प्रार्थना होती. पण त्या म्हातारीचा मुलगा पलटणीबरोबर कुठल्याशा परमुलखात जाऊन त्याच वर्षी वारला होता. त्याची माती घरी आली नव्हती, आणि तिच्या दारात जेवण घेऊन आलेला पहिला माणूस म्हणजे आमचे सासरे. त्या उन्हाळ्यात ती त्यांना रोज लसूण-कोथिंबिरीची भाकरी खाऊ घालत होती.

ही गोष्ट सांगून झाली की सासरे समोरच्याच्या तोंडाकडे पाहत. त्यांना कौतुक नको असायचं, फक्त एकदा कुणीतरी खरं मानायला हवं होतं. पण समोरचा हसायचा किंवा पान लावायला घ्यायचा. लोकांनी ठरवूनच टाकलं होतं की हे पणजीपर्यंत गेले, तिथे काजूची दारू प्याले आणि राहिलेला पोर्तुगाल त्यांना तिथेच दिसला. सासूबाई तर गोष्ट सुरू झाली की उठून चुलीपाशी जात. ते सासऱ्यांना किती लागत होतं हे त्यांनी कधी दाखवलं नाही. फक्त त्या उठल्या की सासऱ्यांचा आवाज थोडा मोठा व्हायचा, आतपर्यंत जावा म्हणून.

अशात गावातल्या एका सरदारांनी आपल्या बँडासाठी गोव्याकडून नवे बँडमास्तर आणले. सडपातळ, अबोल, बायकोमुलांसह आलेला गृहस्थ. संगीत थेट पोर्तुगालात शिकून आलेले, अशी त्यांची ख्याती होती आणि त्याच बोलीवर त्यांना नेमलं होतं. ही बातमी कळल्यावर सासरे जमिनीवर राहिले नाहीत. तालमीच्या वस्तादांनीही ही संधी सोडली नाही. त्यांनी बँडमास्तरांना एका संध्याकाळी दूध प्यायला म्हणून कट्ट्यावर बोलावलं आणि साऱ्या पेठेला सांगून ठेवलं की आज एकदाचा निकाल लागणार. सासरे त्या दिवशी दुपारी झोपले नाहीत. नवा फेटा बांधला, आरशात पाहिलं, सोडला आणि पुन्हा बांधला.

कट्ट्यापुढे म्हशी उभ्या होत्या, चरव्यांत दूध फेसाळत होतं आणि माणसं इतकी जमली होती की कुस्तीचा जोड लागलाय असं वाटावं. मास्तर टोपी हातात धरून अवघडून बसले होते. सासऱ्यांनी त्यांना प्रेमानं जवळ ओढलं आणि सोपाच प्रश्न घातला. लिस्बनात उतरल्यावर येवऱ्याची रेल्वे धरायला आधी काय करावं लागतं, ते या मंडळींना सांगा, असं ते म्हणाले. मास्तर म्हणाले, स्टेशनवर जायचं, तिकीट काढायचं, गाडीत बसायचं. मी चमकलो. लिस्बन नदीच्या एका काठाला आणि येवऱ्याची गाडी दुसऱ्या. समुद्रासारखी रुंद ती नदी आधी बोटीनं ओलांडावी लागते, तेव्हा कुठे गाडी. हे मी सासऱ्यांकडून शंभरदा ऐकलं होतं आणि शाळेच्या नकाशात डोळ्यांनी पाहिलं होतं. लिस्बनात पाऊल ठेवलेल्या माणसाची ती नदी चुकणं शक्यच नव्हतं. मास्तर पोर्तुगालात कधी गेलेच नव्हते.

वस्तादांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न काढला. कवट्यांचं देऊळ खरं की खोटं? मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. आमच्या धर्मात असं कुणी करणार नाही, ते पुटपुटले. आणि घरांवरून पाणी? तेही त्यांनी पाहिलं नव्हतं. सगळी पेठ आता सासऱ्यांकडे बघत होती. त्यांनी नदीचं नाव जरी काढलं असतं तरी मास्तरांची तिथल्या तिथे शोभा झाली असती आणि आयुष्यभर न मिळालेलं ते 'खरं' सासऱ्यांना मिळालं असतं. ते थोडा वेळ मास्तरांच्या हातातल्या टोपीकडे पाहत राहिले. मग हसले.

"मास्तर म्हनत्यात त्येच खरं," ते म्हणाले. "शिकल्याला मानूस हाय. आमी आपलं घोड्याच्या शेपटीमागनं बगितल्यालं, काय ध्यानात ऱ्हानार?"

कट्टा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. घरी येताना माझा संताप मावत नव्हता. मी आत्ता परत जातो आणि त्या नदीचं सांगतो, असं मी म्हणालो. सासऱ्यांनी माझा दंड धरला.

"जाऊ द्या, जावईबापू. पावणा मानूस हाय, बायकापोरं घिऊन आलाय. त्येला हितं ऱ्हायाचं हाय. माझं काय, मी जाऊन आलोय की. लोक न्हाय म्हनत्यात म्हनून मी काय न गेल्याला हुतो व्हय?"

तेव्हा मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. जावयानं तसं करायची रीत नाही, म्हणून राहिलं. घडलं ते मी बायकोला सांगितलं आणि तिनं आईला. त्यानंतर सासऱ्यांनी येवऱ्याचं नाव काढणं सोडलं. पोरं रस्त्यात मुद्दाम विचारत, तर हे नुसतेच हसत. पाट्यावर लसूण-कोथिंबीर वाटली जाईना. ज्या बोलण्याला आम्ही इतकी वर्षं कंटाळलो होतो ते थांबल्यावर घर खायला उठायला लागलं.

मग एकदा आम्ही जेवायला बसलो होतो. सासूबाई वाढत होत्या. सासऱ्यांच्या ताटात भाकरी टाकताना, वर न बघता, त्या म्हणाल्या, "त्या म्हातारीच्या दारात तुमी भाकरी घिऊन गेलासा. मग ती काय म्हनली?"

सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला. ही गोष्ट त्या घरातल्या मांजरालासुद्धा पाठ होती. पण त्यांनी ती अगदी पहिल्यापासून, घोडीपासून सांगितली. सासूबाई चुलीपाशी गेल्या नाहीत. पाटाशेजारी हातात भाकऱ्यांची टोपली तशीच धरून बसून राहिल्या, मधे मधे काहीबाही विचारत राहिल्या, त्या म्हातारीला सून होती का, घर सारवलेलं होतं का. भाकऱ्या निवून गेल्या. त्या दुपारी कुणी झोपलं नाही. सासऱ्यांचा आवाज मोठा झाला नाही, इतक्या जवळ ऐकणारं माणूस होतं.

आता सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई थकल्या आहेत, पण हौदावर जाणं सोडलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात पाणी आलं नव्हतं, बायका घागरी घेऊन ताटकळत होत्या आणि मी शाळेतून परतत होतो. गर्दीतून सासूबाईंचा आवाज ऐकू आला. कमानींवरून वाहणारं पाणी त्या हात उंच करून दाखवत होत्या आणि नव्या सुना तोंडाकडे बघत राहिल्या होत्या.

"खोटं न्हाय सांगत, बायांनो," त्या म्हणाल्या. "आमी येवऱ्याला गेलतो तवा माझ्या डोळ्यानं बगितलंय."