आईला ओळख न दाखवल्याची गोष्ट

मुलुंडला भाड्याचं घर मिळावं म्हणून मी एकदा माझ्या सख्ख्या आईला ओळख दाखवली नव्हती.

आम्ही रोह्याजवळच्या खेड्यातले. बायको माधवी पेणची. माझी बदली मुंबईला झाली आणि सहा रविवार आम्ही घरं बघत हिंडलो. जे आवडायचं ते परवडत नव्हतं. जे परवडायचं त्यात एकाने वळायचं तर दुसऱ्याला गॅलरीत जावं लागायचं. (गॅलरी असलीच तर.) सातव्या रविवारी देवधरकाकूंची जागा बघायची ठरली. काकू एकट्या, समोरच्याच दारात राहणाऱ्या. एजंटने बजावलं होतं की काकूंना पाहुण्यांचा तिटकारा आहे. आधीच्या भाडेकरूचा मेहुणा दोन दिवसांसाठी आला आणि चार महिने राहिला होता.

आपण घर बघायला चाललोय हे मी घरी सांगितलं, तिथेच चुकलो. आई निघाली, अप्पा निघाले, काकाने जीप काढली, पेणला सासू-सासरे चढले. मी सगळ्यांना इमारतीखाली जीपमध्येच बसवलं आणि कुणीही वर यायचं नाही, अशी तंबी दिली.

काकूंनी त्यांच्या घरी चहा दिला आणि नातेवाईक किती, ते विचारलं. मी म्हणालो, फारसे नाहीत. येणंजाणं? अजिबात नाही. एका वाक्यात मी माधवीचंही माहेर पुसून टाकलं. तिने चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आई! बाहेर माझ्या चपला दिसल्या म्हणून तिने बेल दाबली होती. मी तोंड फिरवलं. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काकूंना सांगितलं की खाली गाडीत बसलेय, जरा बाथरूमला जायचंय.

ती बाथरूममधून बाहेर आल्यावर काकूंनी तिला पाणी दिलं, गाव विचारलं. रोहा म्हटल्यावर त्या माझ्याकडे वळल्या, "तुमच्याकडच्याच या. ओळखता का?"

"नाही हो. पहिल्यांदाच बघतोय."

आई शांतपणे खुर्चीत बसली. मग अर्धा तास दोघींचे गुडघे, वालाची उसळ आणि हल्लीच्या सुना यांवर बोलणं चाललं. शेवटी काकूंनी तिलाच सल्ला विचारला. "यांना जागा द्यावी म्हणते. तुम्हाला कसा वाटतो मुलगा?"

आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भाजी घेताना न्याहाळते तसं.

"द्या. तसा बरा हाय. ओला टॉवेल गादीवर टाकतो, सकाळी तीनदा उठवाय लागतो. आणि खोटं बोलला की पंख्याकडं बघत बसतो."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होतो.

पाच मिनिटांनी काकूंनी जीपमधली सगळी मंडळी वर बोलावली. समोरच्या रिकाम्या घरात सगळे जण गावाहून आणलेले डबे उघडून जेवले आणि घर आम्हाला मिळालं.

आता आई दर महिन्याला मुलुंडला येते. उतरते मात्र काकूंकडे. मागच्या शनिवारी मी तिला भेटायला समोरची बेल वाजवली, तर काकूंनी दार जेमतेम उघडून सांगितलं, "त्या जरा पडल्यात. तुम्ही संध्याकाळी या. आणि फोन करून या."