रताळ्याच्या पाल्यावरचं सोनं

माझ्या धाकट्या दिरांनी आयुष्यात कुणा माणसाकडे निरखून पाहिलं असेल, तर त्याच्या अंगावर एखादा किडा बसला होता म्हणूनच. हैदराबादेला शिकायला गेले आणि परीक्षेऐवजी एक जुना कॅमेरा पदरात पाडून कळमनुरीजवळच्या आमच्या गावी परतले. गावाला वाटलं, आता घरोघरी फोटो लागणार. भाऊजींनी मात्र फेटा बांधून उन्हात बसलेल्या पाटलांना तसंच तिष्ठत ठेवलं आणि त्यांच्या खुर्चीखालच्या मुंगळ्याचा फोटो काढला. वर जो भेटेल त्याला कीटकाचं नाव विचारायचं. "किडा हाय," असं कुणी म्हटलं की त्यांना मनापासून वाईट वाटे. "तुमाला कुणी नाव इचारलं तर 'माणूस' म्हणून सांगता का?"

मी लग्न होऊन आले त्या वर्षीची गोष्ट. चुलीवर दूध ठेवून शेळीसाठी परसातला रताळ्याचा पाला खुडत होते, तर एका पानावर सोन्याचा मणी. काळजात धस्स झालं. वाटलं, माझ्या मंगळसूत्रातलाच निखळला. उचलायला गेले तर मणी चालू लागला आणि माझ्या बोटावर चढला. किंकाळी ऐकून भाऊजी धावत आले.

"वहिनी, हालू नका. झटकू तर मुळीच नका."

"चावंल की हो."

"चावला तर बरंच. तेबी कळंल."

तिपाई आली, बारकं मोठं दिसावं म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडाला पत्र्याचं नळकांडं लागलं, भाऊजी काळ्या फडक्याखाली शिरले आणि तिथून मला श्वास घेण्या-सोडण्याचे हुकूम सुटू लागले. तोवर करपल्याचा वास परसात पोचला. मागोमाग सासूबाई.

"काहून पुतळ्यावानी बसलीस गं? दूध समदं उतू जाऊन राहिलं."

उत्तर फडक्यातून आलं. "आई, दूध उद्याबी उतू जाईल. ह्यो उद्या असल का?"

सासूबाई तणतणत जवळ आल्या, वाकल्या आणि बघतच राहिल्या. काचेसारख्या आरपार, घुमटी पाठीखाली सोनं लखलखत होतं. "कासव हाय रे," त्या हळूच म्हणाल्या. खटका वाजला आणि कासव उडून गेलं.

फोटोत ते लिंबाएवढं आलं. पाय, मिशा, पाठीची कड, सगळं स्वच्छ, पण काळं-करडं. भाऊजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. "समदं आलं, वहिनी. सोनं तेवढं न्हाई आलं." सासूबाईंनी कासव म्हणून तो फोटो देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज त्याला हळदीचं बोट लावू लागल्या. हे कळताच भाऊजी तणाणा करत आत गेले. फोटो घेऊन उजेडात आले, हळदीनं पिवळी झालेली ती पाठ बराच वेळ बघत राहिले. "बराबर," म्हणाले, "असंच होतं." आणि त्यांनीच तो देव्हाऱ्यात परत ठेवला.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. हळद केव्हाच उडाली. त्या काळी सुनांचे फोटो कोण काढायचं? नातसुना माझा तरुणपणीचा फोटो मागतात, तेव्हा मी देव्हाऱ्यातला हाच काढून देते. त्या हसतात, किडा न्याहाळतात. मी मात्र त्याच्या खालचं माझं बोट बघत बसते. थरथरू नये म्हणून किती ताठ धरलं होतं.