पुढच्या दोन चाकांवर नांदूरघाट

आमच्या डोंगरवाटांच्या ग्रुपचा एक नियम आहे. सलग दोन फेऱ्यांत तुमची गाडी दोरीने ओढून काढावी लागली, तर पुढच्या फेरीपासून स्वतःची गाडी आणायची नाही, दुसऱ्याच्या गाडीत मागे बसायचं. माझं दोनदा झालं होतं. मागे बसून सगळ्यांना चिवडा वाटणं मला या जन्मी जमणार नाही. म्हणून दिसायला दांडगी पण फक्त मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी माझी गाडी विकली आणि चारही चाकांना जोर देणारी जुनी फोर बाय फोर जीप शोधायला बीड जिल्ह्याची वाट धरली. पैसे एकाच जीपपुरते होते. निवड चुकली असती तर माझं स्टिअरिंग कायमचं सुटलं असतं.

संभाजीनगरहून सकाळची एसटी घेतली की तीनेक तासांत बीड. स्टँडजवळ गरम सुशीला खाऊन घ्या. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा प्रकार पोह्यांपेक्षा सरस आहे, या मतावरून मी कोणाशीही भांडेन. तिथेच रफिकभाई भेटले. तीस वर्षं जीपांखाली काढलेले मिस्त्री, दिवसाची मजुरी आणि दोन वेळचं जेवण यावर स्वतःच्या गाडीतून सोबत येतात. जुनी जीप घ्यायला एकट्याने कधीही जाऊ नका.

मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई करत दुपारी घाटनांदूरला पोचलो. पहिली जीप एका पुढाऱ्याच्या अंगणात उभी होती. नवा रंग, रुंद टायर, टपावर दिव्यांची माळ. मी बघताक्षणी पाघळले आणि मनातल्या मनात बयाणाही देऊन टाकला. रफिकभाई मात्र गुपचूप खाली सरपटले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्टच गायब होता. मालकांना त्याचं काहीच वाटलं नाही. डिझेल लई खायची म्हणून तो कधीच भंगारात घातला, म्हणाले. इकडे सवाऱ्या वाहणाऱ्या बहुतेक जीपांची हीच गत. आत फोर बाय फोरचा दांडा असतो, पण तो नुसता शोभेचा. अंबाजोगाईत मुक्काम केला. जेवण झकास होतं, मला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी केजमार्गे नांदूरघाट; नाव उलटं, गाव वेगळं. शेवटचे काही किलोमीटर रस्ता खराब आहे, वेळ हाताशी ठेवा. इथली जीप दगडूअण्णांची. रंग कोणता ते चिखलाने कळू देत नव्हतं आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. अण्णांचं शेत ओढ्यापलीकडच्या काळ्या, चिखलाच्या रानात, त्यामुळे पुढचा शाफ्ट जागेवर होता. अण्णांनी आधी मलाच तपासलं.

"कावून पायजे तुमाला? ऊस न्हाई, रान न्हाई."

डोंगर चढायला, मी म्हणाले. डोंगरावर काय हाय, त्यांनी विचारलं. काहीच नाही, असं सांगितल्यावर ते खूश झाले आणि भाकरी-ठेचा पुढे आला.

जेवणानंतर खरी परीक्षा. कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत हलवलं. रफिकभाईंनी मागचा शाफ्ट सोडवला. आता गाडी हललीच तर फक्त पुढच्या चाकांवर हलणार होती. समोर मुरमाचा चढ. मी फोर बाय फोरचा दांडा टाकला, क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं, गाडी तसूभरही हलली नाही. पुन्हा केलं, तेच. रफिकभाईंनी मान हलवली आणि पुढचं सगळं गेलंय म्हणून जाहीर केलं.

अण्णा शांतपणे उठले. "मिस्त्री, चाकाच्या टोप्या फिरवल्या का?"

पुढच्या चाकांच्या मधोमध असलेल्या टोप्या हाताने फिरवल्याशिवाय त्या चाकांना जोर मिळत नाही. रफिकभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तीस साल झाले ताई, या हातांनी इतक्या जीपांचे शाफ्ट काढले, की टोप्या फिरवायच्या असतात हेच इसरलो मी."

टोप्या फिरवल्या. क्लच सोडला. चाकं मुरमात घसरली, माती उडवली, मग पकडली, आणि जीप निम्म्या ताकदीवर ठणठणत थेट माथ्यावर. मी ओरडले, चक्क ओरडले. खाली रफिकभाई टाळ्या वाजवत होते. मागचा शाफ्ट जोडून झाल्यावर अण्णांच्या हातात पैसे ठेवले आणि त्याच मातकट जीपमधून घरी आले. वाटेत कपिलधारच्या फाट्यावर थांबून चहा घेतला, पण बिघाड म्हणून कुठेही थांबावं लागलं नाही.

घरी येऊन रंग दिला नाही. टायर, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, एवढंच केलं. तुम्हीही आधी तेवढंच करा. रविवारी ग्रुपच्या सगळ्यात वाईट चढावर ती कोणाचीही मदत न घेता चढली. वर पोचल्या पोचल्या अण्णांना फोन लावला. "अण्णा, चढली!" मी म्हणाले.

"पुढच्या दोन चाकांवर?" त्यांनी विचारलं.

"नाही, चारही."

"मग आज काय नवं? तुमी तर आमच्याच चढावर जितल्या व्हत्या."