जावयाच्या वाटणीचे पेपर

आमच्या जावयाइतका सावकाश पेपर तपासणारा माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये शोधून सापडायचा नाही. करोनामुळे विमानं बंद झाली आणि मी डेल्फ्टला लेकीकडे अडकले, म्हणून हे मला इतक्या जवळून पाहायला मिळालं. एरवी सासू जावयासमोर बसते कधी? पण घर एवढंसं. लेकीचं ऑफिस झोपायच्या खोलीत, जावयाचं विद्यापीठ जेवायच्या टेबलावर, आणि मी तिथंच कोपऱ्यात भाजी निवडत.

त्यांचा एक ऑनलाइन वर्ग होता. मुलं देशोदेशीची, आणि त्यांनी पाठवलेला गृहपाठ तिघांनी वाटून घेऊन तपासायचा. एक डच बाप्या होता, तो आपला वाटा उरकून सायकलवर फिरायला जायचा. दुसरी एनस्खेडे गावातली मराठी मुलगी, तिचंही वेळेत आटपायचं. आमच्या जावयांची मात्र पहिल्याच पेपरात दुपार व्हायची. आधी इस्त्रीचा शर्ट घालणार, खाली पायजमा तसाच. "मुलांनी मेहनत केलीये, आई. आपण गबाळं बसून कसं चालेल?" मुलांना ते दिसतसुद्धा नव्हते! मग पेपराशी बोलणं सुरू. "अरे बाळा, इथपर्यंत नीट आलास, आता कुठं निघालास? नको, तिकडं नको... गेलाच!" आणि डोक्याला हात लावून बसायचे. पेपरावर नाव नसे, नुसता नंबर. तरी हा आजारी असावा, त्याला घरची आठवण येत असावी, हे सगळं त्यांना आकडेमोडीवरून कळायचं. अडलं की मला इंग्रजीत भरभर वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "आई, पटतंय का?" मी चौथी शिकलेली, त्यातून लाजरी. "हो" म्हटलं की अर्धा मार्क वाढायचा. घाबरून गप्प बसले तर म्हणायचे, "बघा, तुम्हालाही शंका आली ना?" आणि अर्धा कापायचे. कुणाच्या लेकराचं नुकसान नको म्हणून शेवटी मी भाजी घेऊन बाथरूममध्ये बसायला लागले.

तिघांचे मार्क एका मापाचे हवेत, म्हणून एकमेकांचे थोडे पेपर पाहायचा नियम होता. तेव्हा एनस्खेडेची मुलगी कॉम्प्युटरवरून कडाडायची.

"दादा, ह्याला साडेसात? उत्तर साफ चुकलंय!"

"चुकलंय गं, पण किती मनापासून चुकलाय बघ."

"मनापासूनचे मार्क कुठल्या रकान्यात भरू?"

शेवटी वर्ग चालवणाऱ्या मोठ्या सरांनी बजावलं, शुक्रवारपर्यंत वाटा संपला नाही तर उरलेले पेपर दुसऱ्यांना देऊ आणि पुढच्या वर्गाला तुम्ही नको. जावयांचा चेहराच उतरला. विद्यापीठ बंद, संशोधन एकट्यानं करायचं. शिकवणं म्हणून एवढंच उरलं होतं. लेक मला हळूच म्हणाली, "त्याला त्या मुलांचाच आधार आहे गं, आई." त्या आठवड्यात आम्ही दोघी पलंगावर बसून जेवलो, टेबलाला हात लावला नाही. तरी शुक्रवारी पेपर उरलेच. सरांनी ते काढून घेतले. जावई रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहिले. मी ठेवलेला चहा गार झाला.

संध्याकाळी एनस्खेडेच्या मुलीचा फोन आला. "दादा, तुझे उरलेले माझ्याकडे आलेत. मार्क मी देते, पण खालचे शेरे तू लिही. मला 'चूक' याच्या पुढं काही सुचत नाही, पोरं रडतील. सरांना विचारलंय. पुढच्या वर्गालाही आपण असंच करायचं, चालेल म्हणाले."

जावई नुसती मान हलवत होते, तिला फोनवर दिसणार असल्यासारखी. मग कामाला बसले आणि एका पेपरापाशी अडले. "आई, ही मुलगीच असणार, नापास झालीये. काय लिहू हिला?"

मार्क ठरून गेले होते, त्यामुळं मला भीती उरली नव्हती. म्हटलं, "आधी जेवून घे म्हणावं, मग परत बस."

त्यांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. काही दिवसांनी तिचं उत्तर आलं, ते त्यांनी मला मराठीत सांगितलं. जेवले, म्हणाली, आणि परत बसलेय.

विमानं सुरू झाली आणि मी घरी आले. ती कुठल्या देशाची, कुणाची, काही ठाऊक नाही. पण एखाद्या दिवशी ताट वाढताना मनात येतं, पुढं पास झाली असेल का पोर?