माझ्या नावाची मूठ

सोनगीरच्या फाट्यावर धुळ्याची एसटी आली तेव्हा आबांनी माझी पिशवी स्वतः वर चढवली. "बरा व्हय, मंगच घर ये," ते म्हणाले. माय एवढंच म्हणाली, "टाइमवर जेवजो, भाऊ."

धुळ्यात कॉलेजला असताना मला झोपेच्या गोळ्यांची सवय लागली. गल्लीत त्या गोळीला कुत्ता गोळी म्हणतात. कॉलेज सुटलं, गोळी सुटली नाही. डॉक्टरांनी दोनदा टप्प्याटप्प्यानं उतरवली, घरी येऊन दोनदा मी पुन्हा धरली. म्हणून या वेळी औषधासोबत पहूरजवळचा महानुभावांचा आश्रम ठरला होता.

तिथले बाबा कमी बोलत. "दहा दारं ठोठावू नकोस. एकाचाच होऊन राहा." पहाटे स्मरण, मग झाडलोट, पुन्हा स्मरण. अंग गोळी मागायचं तेव्हा मी नाम धरून बसायचो. हळूहळू मागणं थांबलं. मी पंथाचा उपदेश घेतला आणि पहूरलाच ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला लागलो. राम रामच्या जागी तोंडात दंडवत प्रणाम आलं.

उपदेश घेतलेल्यानं दुसऱ्या देवाचा प्रसाद खायचा नसतो. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ घेतात, त्या पिठाचे रोट करून देवीला दाखवतात. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत.

बरा होऊन पहिल्यांदा घरी गेलो तो कानबाईचाच दिवस होता. मी रोटाला हात लावला नाही. काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "गोळ्या चालन्यात तुले, देवीना रोट नही चालस?" कुणीतरी हसलं. आबा ताटावरून उठले. मायनं माझ्या वाटचा रोट झाकून ठेवला. सकाळीही तो तसाच होता.

एक घास खाऊन सगळ्यांना सुखी करता आलं असतं. पण एका नियमाला सूट दिली की दुसरा टिकत नाही, हे मला गोळीनं शिकवलं होतं. त्यानंतर काही वर्षं श्रावणात मी गेलो नाही.

यंदा कानबाईसाठी मायनं फोन करून बोलावलं, मी गेलो. आबांनी विचारलं, "दुकान कसं शे?" आणि ते आत गेले. मायनं मला बाहेर ओट्यावर बसवलं, भाकर आणि वांग्याची भाजी आणली.

"हाई देवीले दखाडेल नही. खाय."

मग खाली बघत म्हणाली, "तुनी मूठ यंदा नही टाकी. तू जित्ता शे, त्यामा बठ्ठं उनं." मी जिवंत आहे, त्यातच तिला सगळं आलं होतं.

पहूरला कुणी घर विचारलं तर मी अजून सोनगीरच सांगतो.

रोटाला बसायची वेळ झाली, आतून मायला हाक आली. "येस," म्हणजे येते, असं ती म्हणाली. पण माझं ताट रिकामं होईपर्यंत उठली नाही. मग ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.