सव्वा मूठ गहू

माझ्या थोरल्या वहिनीइतके प्रश्न अख्ख्या धुळ्यात कोणी कोणाला विचारले नसतील, आणि तेही नेमके नको त्या वेळी. प्रश्न पडला की तो तिथल्या तिथे विचारून ती मोकळी होई; मोकळं व्हायला जागा शोधायची, ती ऐकणाऱ्यानं. लग्न ठरलं तेव्हा चोपड्याला, माहेरी, तिचं बी.ए.चं पहिलं वर्ष झालं होतं. "पुढचं आमच्याकडे शिकेल," असा शब्द आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या वडिलांना दिला. कोणता विषय घेईल हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही. दुसऱ्या वर्षाला तिनं स्त्री-अभ्यास घेतला. नव्वदच्या आसपासचा काळ. कॉलेजात विषय नवाच निघालेला, वर्गात मुली सात. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की, आधी आपापल्या घराकडे नीट बघा. बाकीच्या सहा जणींनी ते वहीत लिहून घेतलं. वहिनीनं ते मनावर घेतलं.

तिच्याकडे माहेरचं एक मनगटी घड्याळ होतं आणि लाल पुठ्ठ्याची वही. घरातली कोणती बाई किती वाजता उठते, किती वाजता बसते, बसून काय करते, सगळं त्या वहीत. एकदा माझ्या आईची नोंद करताना ती भलतीच अडली. आई पाचला उठली होती आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा खाली बसली, ती तांदूळ निवडायला. "भाऊजी, हे बसणं धरायचं की काम?" तिनं मला विचारलं. मी बी.एस्सी.ला होतो, आमच्याकडे असले प्रश्न नसत. एस.टी.त बायकांच्या राखीव जागेवर पुरुष दिसला तर ही त्याला उठवत नसे. आधी त्याच्याकडे बघे, मग घड्याळाकडे, मग वहीत काहीतरी लिही. शिरपूरला जाताना एक गृहस्थ त्या लिहिण्यानंच इतके घाबरले की मधेच सोनगीरला उतरून गेले. सून काय शिकते असं कोणी आबांना विचारलं तर ते सरळ "इतिहास" म्हणून सांगत. खरं सांगायची सोय नव्हती, कारण माझे काका आधीच गल्लीभर अहिराणीत बोलत फिरत होते, "बाईले बाई व्हवाले कॉलेज कसाले लागस?"

तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची वेळ आली आणि घर आतून ताणलं गेलं. फॉर्मवर पालक म्हणून आबांची सही हवी होती. आबांनी फॉर्म हातात घेतला, न वाचता देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे खोचला आणि म्हणाले, "कानबाई होऊन जाऊ दे, मग पाहू." श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, सोमवारी तिचं विसर्जन, आणि त्याच सोमवारी दुपारी प्रवेशाची वाढीव मुदत संपत होती. दादा सुरतेला नोकरीला. तो सणासाठी आला तेव्हा वहिनीनं त्याला गाठलं. "आबा म्हणतील तसं," तो म्हणाला. तिनं हेही वहीत लिहिलं. काका रोज सकाळी चहाला येऊन आबांचे कान भरत होते. आता एक प्रश्न जरी वावगा पडला तरी तो फॉर्म तसबिरीमागेच राहणार आणि हिचं शिक्षण तिथेच थांबणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी तिला हात जोडले. "वहिनी, सोमवारपर्यंत एकही प्रश्न नको." तिनं कबूल केलं आणि तीन दिवस खरोखर गप्प राहिली. इतके भीतिदायक दिवस आमच्या घरानं पाहिले नव्हते. आईनं दोनदा तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

शनिवारी दुपारी रोटांचे गहू काढायचे होते. कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या म्हणजे हे रोट, आणि त्यांच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, अशी रीत. हे काम अक्काचं. अक्का आबांची मोठी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच नवऱ्यानं माहेरी आणून सोडली ती इथेच राहिली. सगळे भाऊबंद ओसरीवर जमले होते. अक्का एकेक नाव घेऊन गहू सुपात टाकत होती. आबा, काका, दादा, मी. वहिनी सूप धरून बसली होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होतो. मग काकांच्या नातवाचं नाव आलं, वय दीड महिना. त्याचे सव्वा मूठ गहू सुपात पडले आणि मी मनातल्या मनात डोक्याला हात लावला.

"अक्का," वहिनी अगदी हळू म्हणाली, "कानबाई बाईच शे ना?"

"बाईच शे."

"मंग तुमनी मूठ कोठे शे?"

काका उठून उभे राहिले. "देखं का भाऊ? हाई शिक्षण," ते आबांना म्हणाले. आबा देव्हाऱ्यापाशी गेले आणि तसबिरीमागचा फॉर्म काढून घेऊन आले. ते तो फाडणार याची मला खात्री होती. मी काहीच बोललो नाही, दादाही बोलला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

अक्कानं मूठ मिटून मांडीवर ठेवली. मला म्हणाली, "त्या लाल वहीमा मन्हं काय लिखेल शे? वाच."

मी वही आणून पान काढलं. "अक्का. पहाटे चारला उठतात. चाळीस वर्षं रोटांचे गहू मोजतात. त्यांच्या नावाचे गहू नाहीत. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं का, हे विचारायची हिंमत होत नाही." वहिनीलाही एखादा प्रश्न विचारायची भीती वाटते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

अक्का भावाकडे न बघताच म्हणाली, "भाऊ, मन्ही मूठ ऱ्हाऊ दे. तिना कागदवर सही करी दे."

चाळीस वर्षांत तिनं भावाकडे काही मागितल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आबांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसून सही केली. काका खाली बसले. अक्कानं पुढचं नाव घेतलं.

सोमवारी मी सायकलवर जाऊन फॉर्म भरून आलो. वहिनी बी.ए. झाली, एम.ए. झाली, जळगावच्या एका कॉलेजात तोच विषय शिकवू लागली. आबा शेवटपर्यंत लोकांना "इतिहास"च सांगत राहिले, पण सांगताना आता हसत. अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी अजून कानबाईला धुळ्याला येते, आणि रोटांचे गहू तीच काढते. रीत आहे तशीच आहे. पुरुषांची नावं ती क्रमानं घेते. नावं संपली की आणखी सव्वा मूठ गहू ती कोणाचंच नाव न घेता सुपात टाकते. पहिल्या वर्षी, हे कोणाचे, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि नाही विचारलं.